अकरा गुंठ्यांचं परराष्ट्र धोरण

दर रविवारी सकाळी आमचे घरमालक सोपाननाना आपल्या देशाची सरहद्द आखतात. हातात पत्र्याचा जुना डबा, त्याच्या बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं आणि आत फक्की. शाळेच्या मैदानावर कबड्डीचं अंगण आखायला वापरतात ना, तीच पांढरी पूड. डबा हलवत, तोंडाने काहीबाही पुटपुटत नाना आपल्या अकरा गुंठ्यांभोवती एक फेरी मारतात. पावसाने रेघ पुसली तर दुपारी पुन्हा मारतात. नोकरीसाठी मी माण गावात राहायला आलो तो रविवारच होता. दारात उभा राहून मी हे सगळं बघत होतो आणि मला वाटलं, संध्याकाळी सामने असणार.

"मॅच आहे का काही?" मी विचारलं.

"हद्द हाय," नाना न थांबता म्हणाले. "तुमी आत हायसा. काळजी करू नका."

या देशाचा भूगोल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पूर्वेला बावीस मजल्यांचे तीन टॉवर, उत्तरेला काचेची कंपनी, पश्चिमेला दुसरी काचेची कंपनी आणि दक्षिणेला रस्ता, ज्यावर सकाळी नऊला गाड्या उभ्या राहतात त्या अकराला हलतात. मधे नाना. नानांचं घर, आम्हा भाडेकरूंच्या चार खोल्या, एक चिंच, एक बोअर आणि मेथी-कोथिंबिरीचे पाच-सहा वाफे. भावकीतल्या सगळ्यांनी जमिनी विकल्या. नानांनीही विकली, पण हे अकरा गुंठे ठेवून. का ठेवले असं विचारलं की म्हणतात, "समदंच इकलं तर मी कुटला म्हनून सांगू?"

खोली बघायला गेलो तेव्हा नानांनी मला जात विचारली नाही, मटण खाता का विचारलं नाही, लग्नाचं काय तेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या गावाच्या शेजारी कोन?"

मी लातूरकडचा. आमच्या गावाला लागून साखर कारखाना आहे, असं मी चाचरत सांगितलं.

"मंग जमंल. तुमाला मोठ्याच्या शेजारी ऱ्हायची सवं हाय." मग जरा पुढे वाकून, "कंपनी कुटली?"

कंपनीचं नाव ऐकून त्यांनी मनाशी काहीतरी जुळवलं आणि किल्ली दिली. त्या जुळवाजुळवीचा अर्थ मला पुढे कळला. चार खोल्यांत चार वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं असली पाहिजेत, हा नानांचा नियम. एका कंपनीला दोन खोल्या कदापि नाहीत. "आफ्रिकंच्या कोपऱ्यात जिबूती म्हनून देश हाय," त्यांनी मला समजावलं. "बारकाच हाय. पन अमेरिकेचा लष्करी तळ तितं, चीनचा बी तितंच, फ्रान्स, जपान, समदी भाड्यानं ऱ्हात्यात. एकमेकांकडं बगत बी न्हाईत, पन जिबूतीशी समदी ग्वाड बोलत्यात. का? एकाला दोन तळ दिलं की त्यो मालक झाला म्हनून समज."

त्या दिवसापासून माझं नाव लातूर पडलं. शेजारच्या खोल्यांत जळगाव, अमरावती आणि बिहार. सकाळी ओट्यावरून "लातूर, च्या!" अशी हाक आली की आपला राजदूत म्हणून सन्मान झाल्यासारखं वाटतं. नानांच्या स्वतःच्या मुलाचा मात्र उल्लेख येत नाही. तो बाणेरला राहतो, जमिनीवरून बिनसलं आहे. एकदा मी भोळेपणाने विचारलं, तर नाना म्हणाले, "तितला दूतावास बंद हाय," आणि विषय पाकिस्तानवर नेला.

नानांना हे ज्ञान आलं कुठून? तर शाळेतून. विद्यार्थी म्हणून नव्हे, शिपाई म्हणून. तीस वर्षं त्यांनी नकाशे टांगले आणि गुंडाळून ठेवले. भूगोलाच्या मास्तरांनी "माल्टा दाखव" म्हटलं की पोरगं नकाशावर छडी भोवऱ्यासारखी फिरवायचं, मास्तर स्वतःही जरा इकडेतिकडे बघायचे आणि दारातून नाना सांगायचे, "वाइच खाली. इटलीच्या बुटाखाली." शाळेत नवे नकाशे आले तेव्हा जुना जगाचा नकाशा नानांनी मागून घेतला. तो त्यांच्या पुढच्या खोलीत आहे. त्यात सोव्हिएत संघ अजून शाबूत आहे.

"नाना, हा देश आता नाही," मी एकदा बोट ठेवून म्हणालो.

"ठाव हाय. लई मोठा होता, फुटला." नानांनी माझं बोट उचलून युरोपातल्या एका ठिपक्यावर ठेवलं. "ह्यो बग, सान मारिनो. ह्यो हाय का न्हाई अजून?"

नाना तरुणपणी कबड्डी खेळायचे. अंगाने काडी, त्यामुळे संघात घ्यायला कुणी राजी नसे. शेवटी कोपऱ्यात उभं केलं आणि तिथे त्यांनी नाव काढलं. त्यांचं सगळं परराष्ट्र धोरण या कोपऱ्यातून आलेलं आहे. "मोठा गडी चढाईला आला की नवशिकं छातीवर जात्यात. मरत्यात. मी कदी छातीकडं बगितलंच न्हाई. खाली बगायचं. घोटा कुटं हाय? किती बी मोठा असू दे, त्येला घोटा असतोच."

नानांच्या मते जगातला प्रत्येक लहान देश कुणा ना कुणाचा घोटा धरून उभा आहे. पनामाकडे कालवा आहे, सिंगापूरकडे बंदर आहे. आणि आइसलंड तर त्यांचा लाडका. "फौज न्हाई त्यांच्याकडं. इंग्रजांच्या मासं धरायच्या बोटी हटंनात. मंग लढाई केली? हाट! गस्तीच्या बोटी मागनं न्हेल्या आन् जाळ्यांच्या तारा कापल्या. जाळं गेलं तळाला, इंग्रज गेलं घरला." हे सांगताना नाना दोन बोटांची कात्री करून दाखवतात. मी सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्याचे घोटेच शोधत असतो, पण त्या कामाला इतकी प्रतिष्ठा आहे हे मला नानांमुळे कळलं.

टॉवरना नाना 'महासत्ता' म्हणतात. महासत्तेचे चेअरमन साहेब पन्नाशीचे, नीटनेटके, प्रत्येक गोष्टीवर 'सोल्यूशन' काढणारे. माणूस वाईट नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी टॉवरमधलं पाणी संपलं, टँकर रस्त्यात अडकले आणि चेअरमन साहेबांना नानांच्या बोअरची आठवण झाली. नानांनी आठवडाभर पाणी दिलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "लेसोथो नावाचा देश हाय, चारी अंगानं दक्षिण आफ्रिकेच्या पोटात. पन आफ्रिका त्यांचं पानी पिती. तवा पान्याचा करार करायचा." अट एकच: नाना गेटवरून जाताना वॉचमनने उभं राहून रामराम करायचा. चेअरमन साहेब हसले. नाना हसले नाहीत. सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून, शिक्का मारून घेतलं तेव्हाच मोटर चालू झाली. वॉचमन अजून उभा राहतो.

आता सामुद्रधुनी. नानांच्या जागेतून आठ फुटांची एक बोळ टॉवरच्या मागच्या फाटकापासून थेट बसथांब्याकडे निघते. ती नसती तर टॉवरवाल्यांना मोठ्या रस्त्याने वळसा घालावा लागला असता, त्या रस्त्याचं वर्णन वर आलंच आहे. सकाळ-संध्याकाळ शेकडो माणसं त्या बोळीतून जातात, आम्ही भाडेकरूही. नाना कुणाला अडवत नाहीत. फक्त वर्षातून एक दिवस, चोवीस ऑक्टोबरला, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बोळीला आडवा बांबू लागतो आणि त्याच्यामागे कडक इस्त्रीची टोपी घालून नाना खुर्चीवर बसतात. चोवीस ऑक्टोबर हा युनोचा दिवस. शाळेत त्या दिवशी सगळ्या देशांचे झेंडे-पताका लावायचं काम त्यांच्याकडे असे.

"एक दिस तरी बंद ठिवायची," नानांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. "न्हाईतर वहिवाट पडती."

खेड्यात वाढलेल्याला वहिवाट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. दुसऱ्याच्या रानातून तुम्ही वर्षानुवर्षं बिनबोभाट गेलात की ती वाट तुमच्या हक्काची होते, मग मालकालाही अडवता येत नाही. म्हणून जाणता मालक मधूनच कधीतरी काटेरी फांदी आडवी टाकतो. जाऊ देतोय, पण माझ्या मर्जीने, एवढं सांगायला.

यंदाच्या चोवीस ऑक्टोबरला सकाळी नऊ वाजता चेअरमन साहेब लॅपटॉपची बॅग घेऊन त्या बांबूसमोर उभे राहिले. त्यांची दहा वाजता परदेशी मंडळींबरोबर बैठक होती. नानांनी त्यांना बसवून घेतलं, पाणी दिलं, युनोची स्थापना सांगितली आणि परत पाठवलं. "आजच्या दिशी तुवालूला बी एक मत आन् चीनला बी एक मत. तुमाला एकट्याला कसं सोडू?" साहेबांची बैठक हुकली. आठवडाभरात तहसीलदारांकडे अर्ज गेला: ही बोळ जुन्या वहिवाटीची आहे, ती रस्ता म्हणून कायम करावी, रुंद करावी.

रुंद करावी म्हणजे गाड्या. गाड्या म्हणजे वाफे गेले, चिंच गेली, नानांच्या ओट्यासमोरून दिवसभर हॉर्न आणि अकरा गुंठ्यांचे दोन तुकडे. नानांनी हे ऐकून नकाशासमोर खुर्ची ओढली आणि एकेका ठिपक्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "लातूर, घोटा सापडत न्हाई रं." त्यांना असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी सर्कल साहेब, म्हणजे मंडल अधिकारी, जागा बघायला आले. चेअरमन साहेबच त्यांना पौडच्या तहसील कचेरीतून गाडीत घेऊन आले होते. बरोबर तलाठी. साक्षीदार म्हणून मी रजा काढून थांबलो होतो. नानांनी टोपी घातली होती. मी जबाब दिला, की बांबू दर वर्षी लागतो, मी तीन वर्षं बघतोय. सर्कल साहेबांनी लिहून घेतलं. सगळं आमच्या बाजूने चाललं होतं.

तेवढ्यात चेअरमन साहेबांनी मोबाइल काढला. "सर, हे बघा. आमच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आहे, चोवीस ऑक्टोबर, दुपारी बारा. मला नऊ वाजता अडवलं आणि बाराला दुसऱ्यांना सोडलं. रस्ता बंद नव्हताच. ही फक्त दादागिरी आहे."

आम्ही सगळे वाकून बघू लागलो. कॅमेरा उंच खांबावरचा. वरून नुसती एक काळी छत्री दिसत होती. छत्री बांबूपाशी थांबली, टोपीवाला माणूस घाईघाईने उठला, त्याने बांबू उचलला आणि छत्री आत गेली.

"कोण होतं हे?" सर्कल साहेबांनी विचारलं.

नानांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

"नाना, सांगा की. आजारी होतं का कुणी? तुमच्या परवानगीने गेलं असेल तर तसं लिहितो."

"काय सांगायचं न्हाई," नाना जमिनीकडे बघत म्हणाले.

मी चक्रावलो. ज्या माणसाकडे सान मारिनोपासून तुवालूपर्यंत सगळ्यांचे दाखले तयार असतात, तो एका छत्रीचं नाव सांगायला तयार नव्हता. मी कोपराने ढोसलं. नानांनी माझा हात बाजूला केला. सर्कल साहेबांनी घड्याळात बघितलं आणि पेनाचं टोपण काढलं.

त्याच वेळी टॉवरचं मागचं फाटक करकरलं. काळी छत्री घेतलेली एक म्हातारी, सोलापुरी पातळ, हातात खुरपं, एकेक पाय जपून टाकत आली आणि पांढऱ्या रेघेपाशी थांबली. छत्रीमुळे तिला पुढचं काही दिसत नव्हतं. तिने छत्रीखालूनच हाक दिली, "यिऊ का, नाना?"

नाना लगबगीने पुढे झाले. "ह्या बाई वाट चुकल्यात, साहेब. ह्यांचं काय लिवू नका."

"वाट कशी चुकीन? रोजच तर येती," म्हातारीने छत्री वर केली आणि तिला गर्दी दिसली. तिची नजर फिरत फिरत चेअरमन साहेबांवर येऊन थांबली. "आरं? तू हापिसात न्हाईस व्हय?"

"आई!" चेअरमन साहेब म्हणाले. "तू खाली कशी आलीस? गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तुझं!"

सर्कल साहेब हुशार माणूस. त्यांनी हात वर करून साहेबांना थांबवलं आणि म्हातारीला विचारलं, "आजी, तुम्ही रेघेपाशी थांबलात का? रस्ताच आहे ना हा?"

"रस्ता कसला, बाबा? त्येंचं रान हाय. मी आपली वाफ्यातलं तण काढाय येती घटकाभर. तितं वर चौदाव्या माळ्यावर माती कुटं घावती?"

"आणि युनोच्या... म्हणजे बांबू लावला होता त्या दिवशी?"

"तवा बी इचारलं की. इचारल्याबिगर दुसऱ्याच्या रानात पाय टाकत्यात व्हय? एवढं बारकं लेकरू बी जानतंय."

सर्कल साहेबांनी ते शब्द जसेच्या तसे लिहिले आणि म्हातारीचा अंगठा घेतला. चेअरमन साहेब तोवर रेघेवर उभे होते. त्यांनी खाली बघितलं, बूट उचलले आणि दोन पावलं मागे सरकले. आईचं खुरपं त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं, तिला धरलं आणि फाटकाकडे नेलं.

पुढे त्यांनी अर्ज मागे घेतला, आणि आता रविवारी ते स्वतः आईला धरून आणतात, वाफ्याच्या कडेला अवघडून उभे राहतात. पण त्या संध्याकाळी आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. जळगावने पेढे आणले होते. नानांनी पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही.

"नाना, तुम्ही सांगितलं का नाही? नाव घेतलं असतं तर तिथेच केस संपली असती," मी जरा रागानेच विचारलं.

"शब्द दिलावता तिला. म्हनली, माझ्या ल्येकाला सांगू नगा, त्यो खाली येऊ द्यायचा न्हाई. मी म्हनलं, न्हाई सांगत." नानांनी पेढा परत खोक्यात ठेवला. "बारक्या देसाकडं दुसरं असतंय काय, लातूर? फौज न्हाई, पैका न्हाई. दिल्याला शब्दच की. त्यो मोडला तर मंग कोन इचारतंय?"

"पण रान गेलं असतं की!"

"गेलं असतं," नाना म्हणाले. मग त्यांनी बोळीकडे बोट केलं. ऑफिसं सुटली होती. माणसं येत होती, कानात तारा, नजर मोबाइलमध्ये, एकामागून एक. "ही बग. सक्काळधरनं किती मान्सं गेली. आमची ही गेल्यापास्नं मी हितंच बसतुया. कुनाची आडकाठी न्हाई. पन यिऊ का म्हनून इचारनारी ती एकटीच. उद्यापास्नं आता ती बी यायची न्हाई."

तीन वर्षं मी त्या बोळीतून जातोय. चहा प्यायलो, जिबूती ऐकली, घोट्याची तत्त्वं मित्रांना सांगून हशा मिळवला. तीन वर्षांत एकदाही मी नानांना विचारलं नव्हतं. ज्यांच्या कानात तारा असतात त्यांतलाच मीही एक. फार लाज वाटली मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला मी बॅग लावून निघालो. नाना ओट्यावर होते. बोळीच्या तोंडाशी मी थांबलो, कानातल्या तारा काढल्या. मागून येणारा कुणीतरी माझ्यावर आदळला आणि पुटपुटत पुढे गेला.

"नाना, जाऊ का?"

नानांनी मान वर केली. धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, जणू मी कोण ते नीट बघून घेतलं.

"जा की," ते म्हणाले.

मी पाचसहा पावलं गेलो असेन, तोच मागून हाक आली.

"लातूर! सांच्याला बी इचार."